आधी रिक्वेस्ट बघा, मग फ्रेमवर्क शिका

नुकतंच वेब ॲप्लिकेशन शिकायला घेतलेल्या कोणाशीही बोलायला लागलं की पहिला प्रश्न येतो तो कुठलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप बांधायचा तयार सांगाडा, घेऊ हा. दुसरा प्रश्न सहसा जरा दबक्या आवाजात येतो, की ट्युटोरियल बघताना सगळं कळतं पण स्वतः करायला बसलं की काहीच सुचत नाही, मला हे जमणार आहे का. मला त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल जास्त बोलायचंय कारण मी स्वतः त्यातून गेलेय, आणि माझं ठाम मत आहे की यात तुमच्या वकुबाचा काही संबंध नसतो, शिकण्याचा क्रम उलटा लागलेला असतो एवढंच.

मी सुरुवात केली तेव्हा मला पायथन थोडंफार येत होतं, म्हणजे लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी इतपत. जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कचं नाव सगळीकडे ऐकलेलं म्हणून तेच घेतलं. स्टार्टप्रोजेक्टची कमांड मारली की सहा फायली तयार, स्टार्टॲपची मारली की अजून सात, आणि त्यातल्या सेटिंग्जच्या एकाच फाईलमध्ये शंभरावर ओळी ज्यातली एकही मी लिहिलेली नाही. व्हिडिओत सांगतात इथे ही ओळ टाका, टाकली, तिकडे ते इम्पोर्ट करा, केलं, पान उघडलं, छान वाटलं. पण व्हिडिओ बंद करून रिकामी फाईल समोर घेतली की हात थांबायचे. हे जर तुमचं होत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या, फ्रेमवर्क ज्यांनी लिहिलंय त्यांनी तीच तीच कामं कितीतरी वेळा हाताने केलेली असतात आणि मग ती एका ठिकाणी बांधून ठेवलेली असतात. म्हणजे आपल्या हातात थेट उत्तरं येतात, आणि ती कुठल्या प्रश्नांची उत्तरं आहेत ते कोणीच सांगितलेलं नसतं. मग पाठ करण्याशिवाय दुसरं काय उरतं?

म्हणून मी जँगो काही दिवस बाजूला ठेवलं, सोडलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं, आणि ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडला. ज्यांनी कधी उघडला नसेल त्यांनी हे वाचता वाचता उघडा आणि पान रिफ्रेश करा. एक पान उघडायला किती ओळी येतात बघा, पहिली ओळ त्या पानाच्या एचटीएमएलची, मग सीएसएस, मग चित्रं, मग स्क्रिप्ट, प्रत्येक वेगळी रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला वेगळा रिस्पॉन्स. कुठल्याही ओळीवर क्लिक केलं की हेडर दिसतात, म्हणजे ब्राउझरने काय मागितलं आणि सर्व्हरने काय सांगितलं ते सगळं साध्या अक्षरांत. मला पहिल्यांदा खरा धीर आला तो इथे, कारण तोपर्यंत सर्व्हर म्हणजे काहीतरी अवाढव्य गूढ गोष्ट वाटायची आणि इथे दिसत होतं की हा तर दोन प्रोग्रॅममधला मजकुराचा व्यवहार आहे. एक मजकूर पाठवतो, दुसरा मजकूर परत करतो, आणि मजकुरावर काम करणं तर मला येत होतं.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला, आणि १९९१ च्या सुमारास जे पहिलं एचटीटीपी होतं त्यात रिक्वेस्ट म्हणजे अक्षरशः एक ओळ होती, गेट हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता, बस. आजची रिक्वेस्ट लांब झालीय पण जात तीच आहे. मी ती टर्मिनलवर हाताने टाईप करून बघितली, नेटकॅट नावाच्या छोट्या टूलने एका साईटच्या ८० नंबरच्या पोर्टला, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दाराला, जोडून घेतलं आणि लिहिलं, गेट, मग स्लॅश, मग एचटीटीपी स्लॅश १.१, पुढच्या ओळीत होस्ट आणि साईटचं नाव. एंटर दाबलं तर काहीच नाही. सर्व्हर गप्प. कारण हेडर संपले हे सांगायला एक रिकामी ओळ लागते, ती येईपर्यंत तो वाट बघत राहतो, अजून एकदा एंटर दाबलं आणि भराभर उत्तर आलं. ३०१, म्हणजे इथे नाही, एचटीटीपीएसच्या पत्त्यावर या. आजकाल बऱ्याच साईट ८० नंबरवर हेच उत्तर देतात. पण ते उत्तर माझ्या हाताने टाईप केलेल्या दोन ओळींना आलेलं होतं, मधे ब्राउझर नाही की फ्रेमवर्क नाही.

मग पुढची पायरी आपोआप सुचली, आपणच सर्व्हर लिहू. पायथनमध्ये सॉकेट नावाचं मॉड्यूल सोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि ८००० नंबरच्या पोर्टवर कान लावून बसणारा, येईल ते प्रिंट करणारा आणि ठरलेलं उत्तर परत पाठवणारा प्रोग्रॅम वीसेक ओळींत होतो. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे ८००० टाकलं की टर्मिनलवर रिक्वेस्ट जशीच्या तशी उमटते. आणि थोडं थांबलात तर दुसरीही उमटते जी तुम्ही मागितलेलीच नाही, फेव्हआयकॉनची, म्हणजे टॅबवरचं ते छोटं चित्र, ब्राउझर ते स्वतःहून मागतो. असल्या गोष्टी पुस्तकात वाचून लक्षात राहत नाहीत, डोळ्यासमोर घडल्या की विसरता येत नाहीत.

याच छोट्या सर्व्हरवर एक प्रयोग नक्की करा. उत्तरात मराठी शब्द पाठवा, समजा नमस्कार. उत्तराच्या हेडरमध्ये कंटेंट लेंग्थ सांगायची असते, म्हणजे मजकूर किती बाइटचा आहे. पायथनला नमस्कार या स्ट्रिंगची लांबी विचारली तर ७ येते, न, म, स, हलन्त, क, काना, र. मुद्दाम ७ लिहून पाठवा. पानावर येतं फक्त नम आणि पुढे एक प्रश्नचिन्ह असलेला चौकोन. कारण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, पूर्ण शब्द २१ बाइटचा, आणि ७ बाइटमध्ये दोन अक्षरं आणि तिसऱ्याचा एक तुकडा एवढंच मावतं. आणि कंटेंट टाइपमध्ये कॅरेक्टरसेट यूटीएफ-८ आहे हे सांगितलं नाही तर अख्खा शब्दच भलत्या अक्षरांत दिसू शकतो. पुढे कधी डेटाबेसमधून मराठी मजकूर वेडावाकडा आला की अंदाजपंचे दहा उपाय करण्यापेक्षा कुठल्या टप्प्यावर बाइट आणि अक्षरांची गल्लत झाली ते शोधायचं, हे मला या एका शब्दाने शिकवलं.

मग मी त्या सर्व्हरवर एक ॲप करायला घेतलं. वाचलेल्या पुस्तकांची यादी, नाव, लेखक, वाचून झालं का, आणि दोन ओळींचा शेरा. विषय मुद्दाम साधा घेतला कारण डोकं विषयात खर्ची घालायचं नव्हतं. आता गंमत अशी की यादीच्या पानासाठी एक इफ, नवीन पुस्तकाच्या पानासाठी दुसरा इफ, बारा नंबरचं पुस्तक दाखवायचं तर पत्त्यातून १२ तोडून काढायचे आणि ते आकडाच आहेत का तपासायचं, असं करत करत इफ एल्सची ही मोठी शिडी झाली. मग फॉर्म आला. गेटने पाठवला तर भरलेलं सगळं पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे दिसतं, पोस्टने पाठवला तर रिकाम्या ओळीच्या खाली, बॉडीमध्ये येतं. आणि येतं तेही सरळ नाही, स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह, न च्या जागी टक्का ई० टक्का ए४ टक्का ए८. तेच ते तीन बाइट, आता ओळखीचे झालेले. ते उलगडायचं. मग शेऱ्याच्या खान्यात मुद्दाम स्क्रिप्टचा टॅग टाकून बघितला तर पानाने तो चालवला की हो! म्हणजे कोणीही शेरा म्हणून कोड लिहावा आणि तो दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालावा. तर दाखवण्याआधी लहान-मोठ्याची चिन्हं वगैरे बदलून टाकायला हवीत, प्रत्येक ठिकाणी, न विसरता.

आणि मग लॉगिन. इथे मी सगळ्यात जास्त रमले. एचटीटीपीला काहीही आठवत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी पहिलीच. आत्ता पासवर्ड देऊन आत आलेला माणूस पुढच्या क्लिकला परका. यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली, सर्व्हर उत्तरात एक छोटी नोंद देतो आणि ब्राउझर ती त्या साईटला प्रत्येक रिक्वेस्टबरोबर परत दाखवतो, देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं. बिल्ल्यावर फक्त नंबर, चपला आत. पण कुकीत सरळ युजर ५ असं लिहिलं तर डेव्हलपर टूलमध्ये जाऊन ५ चा ६ करायला कितीसा वेळ लागतो? म्हणून तिथे अंदाज बांधता येणार नाही असा लांबलचक सेशन आयडी ठेवायचा आणि तो कोणाचा हे सर्व्हरवर लिहून ठेवायचं. किंवा माहिती कुकीतच ठेवायची पण तिच्यावर सही करायची म्हणजे बदल केला की लगेच कळतो. जँगो मुळात पहिल्या पद्धतीने जातं, फ्लास्क हे पायथनमधलंच दुसरं फ्रेमवर्क दुसऱ्या, आणि फ्लास्क सिक्रेट की का मागतं ते मला इथे समजलं, ती सही त्या कीने होते.

एवढं झाल्यावर मी परत जँगो उघडलं, आणि काय सांगू, तीच फाईल, तेच फोल्डर, पण आता प्रत्येक गोष्टीला तोंड होतं. यूआरएलची फाईल म्हणजे माझी इफ एल्सची शिडी. रिक्वेस्ट ऑब्जेक्ट म्हणजे मी तोडून तोडून वाचत होते तो मजकूर, आधीच नीट लावलेला. टेम्प्लेट स्वतःहून ती लहान-मोठ्याची चिन्हं बदलून देतं. मिडलवेअर म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट व्ह्यूपर्यंत, म्हणजे तिचं उत्तर तयार करणाऱ्या आपल्या फंक्शनपर्यंत, पोचायच्या आधी आणि उत्तर बाहेर जाताना करायची कामं, सेशन ओळखणं त्यातलंच एक. जँगो २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, ते अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब टीममध्ये तयार झालं, एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी सुरुवात केलेली. वर्तमानपत्र म्हटलं की मजकूर भरणारे लोक वेगळे आणि वेळ कमी, म्हणून तर त्याच्यात ॲडमिनचं पान तयारच मिळतं. रेल्स हे रुबी भाषेतलं फ्रेमवर्कही असंच, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प हे प्रॉडक्ट बनवताना त्यातून बाजूला काढलेलं, २००४ मध्ये. कामातून निघालेल्या गोष्टी आहेत या, आणि ते काम थोडं तरी आपण केलेलं असलं की त्या लगेच आपल्या होतात.

आता फ्रेमवर्कमध्ये शिरल्यावर हमखास भेटणाऱ्या दोन-तीन भिंती, त्या मी जरा सविस्तर सांगते कारण इथेच लोक सोडून देतात आणि मला ते फार वाईट वाटतं.

पहिली भिंत ४०३. साधा फॉर्म केला, सबमिट दाबलं आणि पिवळ्या-करड्या पानावर सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड. शोधायला गेलं की कोणीतरी सांगतं व्ह्यूवर एक्झेम्प्टची एक ओळ टाका, जाईल. जातं खरं पण टाकू नका. ब्राउझर कुकी आपोआप जोडतो हे आपण आत्ताच बघितलं ना, तर तुम्ही एका साईटवर लॉगिन असताना दुसऱ्या कुठल्यातरी पानावर गेलात आणि त्या पानाने गुपचूप पहिल्या साईटला एक फॉर्म पाठवला तर तुमची कुकी त्याच्याबरोबरही जाऊ शकते, आणि सर्व्हरला वाटतं तुम्हीच पाठवलंय. म्हणून आपल्या फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन घालायचं जे त्या दुसऱ्या पानाला माहीत असू शकत नाही. टेम्प्लेटमध्ये फॉर्मच्या आत एक छोटा टॅग, झालं काम. मग पानाचा सोर्स बघा, हिडन इनपुटमध्ये ती लांबलचक किंमत दिसेल. हे समजून टाकलेला टॅग आणि कोणी सांगितलं म्हणून टाकलेला टॅग दिसायला सारखेच, पण पुढच्या वेळी जावास्क्रिप्टने पोस्ट करताना ४०३ आला की पहिल्यावाल्याला काय करायचं ते माहीत असतं.

याच्याच जोडीला एक लहान गोष्ट, पुस्तक सेव्ह झाल्यावर पान रिफ्रेश केलं आणि तेच पुस्तक दोनदा आलं. पोस्टच्या उत्तरात सरळ पान दिलं की असं होतं, त्याऐवजी ३०२ ने यादीच्या पानाकडे पाठवायचं. नेटवर्क टॅबमध्ये बघा, पोस्ट ३०२, लगेच खाली गेट २००.

दुसरी भिंत डेटाबेस. ओआरएम, म्हणजे आपल्या कोडवरून डेटाबेसच्या क्वेरी स्वतः बनवणारा फ्रेमवर्कचा भाग, त्याच्यामुळे डेटाबेसची भाषा एसक्यूएल न लिहिता काम होतं आणि म्हणून पुष्कळजण एसक्यूएल टाळतात. मी कळकळीने सांगते, टाळू नका. सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट, व्हेअर आणि जॉइन एवढं हाताने लिहायला शिका, एसक्यूलाइटची फाईल उघडून तिच्यातच सराव करा, सर्व्हरही लागत नाही. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल १९७० मध्ये मांडलं आणि त्यानंतर कितीतरी फॅशन आल्या नि गेल्या, टेबलं आहेत तिथेच आहेत, म्हणजे इथे घातलेला वेळ फुकट जाणार नाही याची मला खात्री आहे. माझ्या पुस्तकांच्या यादीत लेखकांचं टेबल वेगळं केलं, पुस्तकासमोर लेखकाचं नाव दाखवलं, सगळं व्यवस्थित. मग ओआरएम खरोखर काय क्वेरी पाठवतो ते कन्सोलवर छापायची सेटिंग चालू केली, तर ५० पुस्तकांच्या पानाला ५१ क्वेरी! एक यादीची आणि मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी एकेक. जँगोचं सिलेक्ट रिलेटेड जोडलं, आत जॉइन लागला, म्हणजे दोन्ही टेबलं एकत्रच वाचली गेली, एक क्वेरी. याला एन प्लस वन म्हणतात आणि मुलाखतीत विचारतात म्हणून पाठ करण्यापेक्षा एकदा त्या ५१ ओळी सरकताना बघा.

आणि नावात ॲपॉस्ट्रॉफी असलेला लेखक टाकून बघा, ओब्रायन वगैरे. ओआरएममधून गेलात तर काही होत नाही. पण हाताने स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवली तर त्या एका चिन्हावर क्वेरी मोडते, आणि जिथे चुकून मोडते तिथे मुद्दाम वाकवताही येते, तेच एसक्यूएल इंजेक्शन. किंमती नेहमी पॅरामीटर म्हणून द्यायच्या, स्ट्रिंगमध्ये चिकटवायच्या नाहीत, यावर तडजोड नाही. पासवर्डचंही तसंच, तो जसाच्या तसा कुठेही ठेवायचा नाही. जँगोच्या युजर टेबलमध्ये डोकावून बघा, अल्गोरिदमचं नाव, मग फेऱ्यांची संख्या, मग सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळलेली वेगळी अक्षरं, मग हॅश म्हणजे त्यातून निघालेलं उलट न फिरवता येणारं रूप, मधे डॉलरची चिन्हं. दोन युजर करा, दोघांना एकच पासवर्ड द्या, टेबलमध्ये दोन वेगळ्याच गोष्टी दिसतील. सॉल्ट कशाला असतो हे सांगायला वेगळा धडा लागत नाही मग.

तिसरी भिंत म्हणजे एररची भली मोठी लाल माळ. नवीन माणसाला त्यात आपल्या नालायकीचा पुरावा दिसतो आणि तो घाईघाईने पान बंद करतो. अहो, ती मदत आहे! पायथनचा ट्रेसबॅक खालून वाचायचा, सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते लिहिलेलं असतं, मग वर सरकत जायचं आणि आपण लिहिलेल्या फाईलचं नाव कुठे येतंय ते शोधायचं, मधल्या फ्रेमवर्कच्या फायली सुरुवातीला सोडून द्या. नो सच कॉलम असं दिसलं तर मॉडेलमध्ये फील्ड आलंय पण मायग्रेशन, म्हणजे तो बदल डेटाबेसच्या टेबलात उतरवणं, झालेलं नाही. टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट दिसलं तर जँगो खाली चक्क यादी देतं की मी कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधलं, ती यादी वाचली की आपली फाईल कुठे हवी होती ते कळतं. मी एक वही केली होती, एररची शेवटची ओळ, कारण, उपाय, तीन खाने. काही काळाने नवीन ओळी कमी व्हायला लागल्या, तेच तेच चेहरे परत यायला लागले. तुम्ही किती शिकलात हे मोजायचं असेल तर किती व्हिडिओ संपले ते मोजू नका, किती एरर ओळखीचे झाले ते बघा.

एआयची मदत घ्यावी का असं हल्ली सगळेच विचारतात. घ्या की. पण अख्खं ॲप लिहून दे म्हणण्यापेक्षा ही एरर का आली ते सांग म्हणा, आणि त्याने दिलेली ओळ आपल्या फाईलमध्ये नेण्याआधी ती काढून टाकली तर काय होईल हे स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तर ती ओळ अजून तुमची नाही.

ब्राउझरच्या बाजूबद्दल मी थोडक्यात सांगते कारण माझा ओढा सर्व्हरकडे आहे. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली, त्यामुळे तिच्यात काही जुने विचित्र कोपरे आहेत, ते भेटले की स्वतःवर शंका घेऊ नका. रिॲक्ट २०१३ मध्ये खुलं झालं, व्ह्यू जेएस २०१४ मध्ये आलं, दोन्ही शिकण्यासारखी. फक्त त्याच्या आधी एकदा साधी जावास्क्रिप्ट वापरून फेच या फंक्शनने सर्व्हरकडून जेसन, म्हणजे ठरावीक मांडणीत लिहिलेला डेटा, आणा आणि त्याची यादी पानावर स्वतः काढा, एक पुस्तक वाचून झालं म्हणून टिक केलं की वरचा आकडा बदला, खालची ओळ खोडा, फिल्टर चालू असेल तर ती ओळ गायब करा. डेटा एका जागी आणि स्क्रीन चार जागी, सगळं जुळवून ठेवताना जी दमछाक होते ती दूर करायलाच ही फ्रेमवर्क आलीत. मग स्टेट, म्हणजे तोच एका जागचा डेटा, हा शब्द ऐकून धडकी भरत नाही.

ॲप स्वतःच्या मशीनवर चाललं की ते बाहेर टाका, अर्धवट असलं तरी टाका. इथे पुन्हा नवीन प्रश्न येतात आणि ते घरबसल्या येणारच नाहीत. डीबग, म्हणजे चुका सविस्तर दाखवणारी सेटिंग, बंद केलं की सगळं पान उघडंबोडकं दिसतं, रंग नाही मांडणी नाही, कारण डीबग बंद असताना जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर स्टॅटिक फायली, म्हणजे सीएसएस, चित्रं वगैरे, स्वतःहून देत नाही, त्या गोळा करून वेगळ्या द्याव्या लागतात. मुळात रनसर्व्हर, म्हणजे हाच डेव्हलपमेंट सर्व्हर, बाहेरच्या वापरासाठी नाहीच, तिथे गनिकॉर्नसारखं काहीतरी लागतं, आणि ते जँगोशी बोलतं डब्ल्यूएसजीआय नावाच्या करारातून, जो २००३ सालच्या एका पेपमध्ये, म्हणजे पायथनच्या सुधारणा-प्रस्तावात, लिहिला गेला. हा करार वाचायला घाबरू नका, त्याचं मर्म एवढंच की एक फंक्शन, त्याला रिक्वेस्टची माहिती असलेली डिक्शनरी मिळते आणि त्याने बाइट परत करायचे. म्हणजे तळाशी गेलं की पुन्हा तेच, मजकूर आत मजकूर बाहेर. आणि हो, सिक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या टूलमध्ये, नाही. एकदा कमिट झालेली गोष्ट नंतरच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहतेच.

काही काळाने कामासाठी मला रेल्सकडे वळावं लागलं, रुबी तर अजिबात येत नव्हती. तेव्हा कळलं की आधी केलेलं काय काय सोबत आलंय. रूट आहेत, मायग्रेशन आहेत, सेशन आहे, सीएसआरएफचं टोकन आहे, एन प्लस वन सुद्धा आहे, तिथे इन्क्लूड्स वापरतात. फक्त जँगोत ज्याला व्ह्यू म्हणतात त्याला रेल्समध्ये कंट्रोलर म्हणतात आणि रेल्सचा व्ह्यू म्हणजे जँगोचं टेम्प्लेट, हे पहिले काही दिवस जरा गोंधळात टाकतं. मॉडेल व्ह्यू कंट्रोलर ही कल्पना मुळात वेबची नाहीच, ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये स्मॉलटॉकसाठी मांडलेली, वेबवर ती आणताना प्रत्येकाने आपापल्या परीने बसवली, म्हणून नावं इकडची तिकडे होतात.

तर मग पहिलं कुठलं घ्यायचं? जी भाषा थोडी तरी येते तिच्यातलं. पायथन असेल तर जँगो किंवा फ्लास्क, पीएचपी असेल तर लाराव्हेल, जावास्क्रिप्ट असेल तर एक्सप्रेस, रुबी असेल तर रेल्स, जावा असेल तर स्प्रिंग बूट. यातलं कुठलंही घेतलंत तरी वर सांगितलेलं सगळं भेटणार आहे. निवडलं की मात्र एक ॲप पूर्ण होईपर्यंत बदलू नका, आणि पूर्ण म्हणजे यादी दिसते, नवीन भरता येतं, दुरुस्त करता येतं, काढता येतं, लॉगिन आहे, आणि एकाची यादी दुसऱ्याला बदलता येत नाही. ती शेवटची अट विसरू नका, पत्त्यातला १२ बदलून १३ करून बघा, दुसऱ्याचं पुस्तक उघडलं तर काम बाकी आहे. फ्रेमवर्कचं अधिकृत ट्युटोरियल आधी जसंच्या तसं करा, मग तेच स्वतःच्या विषयावर, व्हिडिओ न उघडता, अडलं तर फक्त डॉक्युमेंटेशन. पहिल्या वेळी हळू होईल, होऊ द्या.

आणि अडलात की विचारा, बिनधास्त विचारा. काय करायला गेलात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररची शेवटची ओळ आणि तुमच्या फाईलमधल्या त्या दहा-पंधरा ओळी, मजकूर म्हणून, स्क्रीनचा फोटो नको. भाषेची आणि फ्रेमवर्कची व्हर्जन लिहा कारण जुन्या व्हर्जनचं उत्तर नव्यात चालेलच असं नाही. सर्व्हर मुळीच उत्तर देत नसेल तर तेही सांगा, आणि नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टसमोर कुठला आकडा दिसतोय तोही. ४०४ असेल तर रूटकडे बघायचं, ५०० असेल तर टर्मिनलकडे, ४०३ असेल तर टोकन किंवा परवानगीकडे, एवढ्या एका आकड्यावरून समोरच्याचं निम्मं शोधकाम वाचतं.